अक्कांचं डी

फोन आला तेव्हा मी आठवीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत अडकले होते. घरबसल्या टायपिंगची कामं घेते मी, आणि एप्रिल म्हणजे शाळांचा हंगाम. मास्तरांचं अक्षर लागत नव्हतं, आकृत्या माझ्या गळ्यात पडलेल्या, आणि जळगावचं ऊन सकाळीच खिडकीत येऊन बसलेलं. धुळ्याहून निर्मलाबाई बोलत होत्या, अक्कांच्या नोकरीतल्या जुन्या सोबतीण. "वहिनी, कमल उठली नाही हो..." एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "मग झोपू द्या की, सुट्टीवर आल्यात त्या." खरंच असं म्हणाले मी. पलीकडून बाई हुंदके द्यायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, कमलताई. आम्ही दोघं गाडीनं निघालो. हे गाडी चालवत होते; एरंडोल गेलं, पारोळा गेलं. निर्मलाबाईंच्या पुढच्या खोलीत अक्का निजलेल्या होत्या, रात्रपाळी करून आल्यावर निजायच्या तशाच, एक हात उशीखाली. जळगावला न्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. हे म्हणाले, "नको. तिचं गाव हेच." आणि पांझरा नदीच्या काठावरच सगळं झालं. त्या वेळी बोलायची सोय नव्हती, पण ते वाक्य मला लागलं. चार वर्षं माझ्या हातचं खाल्लं, माझ्याशी भांडल्या, माझ्या शेजारच्या खोलीत झोपल्या, आणि शेवटी बाई धुळ्याच्याच ठरल्या. रडू येत होतं आणि रागही येत होता. आजही दोन्ही येतं, कशाला खोटं बोलू?

अक्का मूळच्या सोनगीरच्या. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी बोळवण केली, तेव्हा परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि धुळ्यात नोकरीला लागल्या. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या यांना, त्यांनीच शिकवलं. पुढे सोनगीरच्या शेताची वाटणी झाली, तेव्हा आपल्याकडे बहिणी करतात तसं त्यांनीही हक्कसोड करून दिला, हसतहसत. मग आयुष्यभर कधी सरकारी खोली, कधी भाड्याची खोली. निवृत्तीनंतरही पांझरेजवळच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. गुडघे गेले, जिना चढवेना, तेव्हा हे जाऊन सामानासकट घेऊन आले. सामान तरी काय, एक लोखंडी कपाट, बुद्धाची मूर्ती आणि स्टोव्ह. गॅस असलेल्या घरात स्टोव्ह कशाला, असं मी विचारलं. "राहू दे व माय, सवय शे," म्हणाल्या. तो स्टोव्ह त्यांनी कधी पेटवला नाही, आणि काढूही दिला नाही.

मी दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली. वडील वीज केंद्रात, आजूबाजूला चार जिल्ह्यांची माणसं, त्यामुळे माझी भाषा शाळेतली. अक्का शुद्ध खान्देशी. मी 'आहे' म्हटलं की त्या मुद्दाम 'शे' म्हणायच्या, ठासून. या सगळ्याची मजाच वाटायची, पण एक गोष्ट मला खुपायची. कुणाचा फोन आला की त्या सांगायच्या, "मी भाऊना घर शे," म्हणजे भावाच्या घरी. एक वर्ष झालं, दोन झाली... भाऊना घर. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अहो अक्का, आता तरी आपलं घर म्हणा." तर हसून म्हणाल्या, "भाऊनं म्हनजे आपलंच ना." पण पुढच्या फोनला पुन्हा तेच. पाव्हणी जशी चहाचा कप स्वतः विसळून ठेवते ना, तसं त्यांचं ते बोलणं. मी वाट बघायची, आज म्हणतील, उद्या म्हणतील.

घरातला कॉम्प्युटर माझ्या कामाचा. अक्का आधी लांबून बघायच्या, मग खुर्ची ओढून शेजारी बसायला लागल्या. एक दिवस विचारलं, "याम्हा धुयानं हवामान दखास का?" मी धुळ्याचं हवामान काढून दाखवलं. मग रोज सकाळी तेच. मी म्हटलं, तुम्हीच बघायला शिका. एका बोटानं टाइप करायच्या, मान खाली, नजर कीबोर्डवर. शीर शोधताना बोट फिरवावं तसं अक्षरांवरून बोट फिरवायच्या. 'धुळे' इंग्रजीत लिहायचं म्हणजे त्यांना मोठं काम. मग मी ती जादू सांगितली, की सगळं लिहायची गरज नाही, डी दाबा, पुढचा पत्ता तो स्वतः भरतो. आपण रोज जिथे जातो ते त्याच्या ध्यानात असतं. अक्कांनी डी दाबलं. पट्टीत धुळ्याचं पान आपोआप पूर्ण झालं. बाई अशा खूश झाल्या! "हाई तर मन्ह्या मनमधलं वळखस! भाऊले इतलं वळखाले चाळीस वर्षं लागनात." हे आतून ओरडले, "ऐकतोय मी!"

पण या जादूची एक गंमत अशी, की एका कॉम्प्युटरवर दोघी बसल्या तर त्याला कुठे कळतं कोण बसलंय! माझ्या गिऱ्हाइकांच्या फायली ज्या ड्राइव्हवर असतात, त्याचा पत्ताही डीनंच सुरू होतो. कामाचे दिवस असले की मी दिवसातून पन्नासदा तिकडे जाणार. मग सकाळी अक्का डी दाबून, वर न बघता एंटर करणार, आणि उघडणार माझा ड्राइव्ह. एकदा तर कपाशीवरच्या बोंडअळीचा कुणाचा तरी प्रबंध उघडून निम्मा वाचून झाला होता. "धुये काय दखात नही, नुसती अळी दखास," म्हणाल्या. उलटही व्हायचं. कॉलेजातले एक सर फोनवर ताटकळत, त्यांना दुपारपर्यंत प्रबंध जमा करायचा, मी घाईत डी दाबून एंटर मारते तर समोर काय... धुळे, अंशतः ढगाळ. दोनदा झालं, तीनदा झालं, मग माझा पारा चढला. म्हटलं, "पुरे झालं हे! सेटिंगमध्ये जाते आणि आपोआप भरणंच बंद करून टाकते. ज्याला जिथे जायचं त्यानं पूर्ण पत्ता लिहावा." अक्कांचा चेहराच उतरला. "कसाले बंद करस? बिचारं आठवण ठेवस, आनि तू त्याले मुकं करस?" जेवण उरकून तडक आपल्या खोलीत गेल्या. दुपारी मात्र चहा घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "वाटणी करी टाकूत."

"कसली वाटणी?" मी विचारलं.

"अक्षरंसनी. डी माले दे. बाकी बठ्ठी तुले."

मला हसू फुटलं. पण त्या हसत नव्हत्या. "शेतमा मी हक्क सोडी दिधा," म्हणाल्या, "डी सोडाव नही."

असा आमच्या घरात डीचा सातबारा अक्कांच्या नावावर झाला. वाटणी सोपी, राखणं अवघड. मी ड्राइव्हची खूण वरच्या पट्टीवर लावून घेतली, म्हणजे डी दाबायला नको. तरी गिऱ्हाइकं फायलींचे दुवे पाठवायचीच, मी उघडायची, आणि ड्राइव्ह पुन्हा हळूच डीवर डोकं काढायचा. मग ड्राइव्हची ती ओळ दिसली की तिच्या शेवटी असलेली फुली दाबून तेवढीच काढून टाकायची. अक्का म्हणायच्या, निंदणी शे ती. चार दिवस केली नाही की गाजरगवत. शेवटी मी वेगळी युक्ती काढली. ब्राउझरची ती खाजगी खिडकी असते ना, जी कुठे गेलो याची आठवण ठेवत नाही, त्या खिडकीत मी गिऱ्हाइकांची कामं करायला लागले. दरवेळी नव्यानं पासवर्ड टाकायचा, नसता उपद्व्याप. पण डी स्वच्छ राहिलं. अक्का सकाळी बोट ठेवायच्या आणि धुळे हजर.

मग त्यांचा तो जाहीरनामा. आधी धुळं, मग जळगाव, तेही रुग्णाचा ताप सांगावा त्या आवाजात. "धुये एकोणचाळीस. जयगाव एक्केचाळीस... जयगावले ताप शे आज." हे गॅलरीतून विचारायचे, "मंग काय करू, पट्ट्या ठेवू?" रोज हेच. रोज! मला वैताग यायचा. धुळ्याचं पाणी गोड, धुळ्याची हवा हलकी, धुळ्याचा दूधवालासुद्धा प्रामाणिक. मी म्हणायची, "अक्का, दोन अंशांचा काय एवढा तोरा?" तर म्हणायच्या, "दोन अंशमा मानूस भरती व्हस, माहीत शे का?" मी उठून स्वयंपाकाला लागायची. कधीकधी मात्र माझं लक्ष जायचं. वाचून झालं तरी त्या त्या पानावरून उठायच्या नाहीत. धुळ्याचं नाव, खाली एक ढग किंवा सूर्य, बाकी त्या पानावर बघण्यासारखं काही नाही. तरी चहा गार होईपर्यंत बसलेल्या असायच्या. गावाला जाऊन येऊ का म्हटलं तर "आते कोन शे तठे" म्हणून उडवून लावायच्या. तेव्हा मला वाटायचं, या बाईला इथे करमत नाही, आणि ती सांगणार नाही.

मला कावीळ झाली त्या वर्षीचं सांगते. अक्कांनी घर ताब्यात घेतलं. उसाचा रस कुणाचा आणायचा, बर्फाशिवाय कसा आणायचा, हे त्यांनी यांना असं काही बजावलं की हे चौकीवरल्या हवालदारासारखे रसवंतीवर उभे राहायचे. माझा फोन काढून घेतला. गिऱ्हाइकं फोन करायची आणि अक्का सांगायच्या, "बाई पडेल शे. परीक्षा पुढं ढकला." एका मुख्याध्यापकांना! मी अंथरुणातून हात जोडत होते. दुपारी डोळा लागला की कपाळावर त्यांचा हात असायचा, खरखरीत, औषधाचा वास कधीच न गेलेला. माझी आई लवकर गेली... एवढंच लिहिते. बरी झाले त्या दिवशी त्यांनी निर्मलाबाईंना फोन लावला, आणि मला ऐकू आलं, "नही व, यवाले जमनार नही. भाऊना घर शे मी, सुनंदा आते कुठं उठनी." इतकं सगळं करूनही भाऊनं घर. मी भिंतीकडे तोंड करून रडले, अशक्तपणा होता म्हणा हवं तर.

यंदा निर्मलाबाईंच्या नातवाचं काही होतं, फार आग्रह झाला. चार वर्षांत पहिल्यांदा अक्का धुळ्याला निघाल्या, आठवड्यासाठी. पिशवी भरली, दोनदा रिकामी केली, पुन्हा भरली. नवं लुगडं नको, हेच चांगलं. मग हे नको, ते नवंच द्या. स्टँडवर गाडीत बसवलं तर खिडकीतून मान काढून म्हणाल्या, "डी सांभायजो. कोनले दिशी नको." मी म्हटलं, "जा हो अक्का, डी काही पळून जात नाही." गाडी हलली. त्या धुळ्याच्या दिशेला बघत होत्या, मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या माझ्या तावडीतून.

अक्कांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली नि गेली. घर इतकं गप्प झालं की मिक्सर लावला तरी बरं वाटायचं. कामं तुंबली होती, कॉम्प्युटरवर बसावं लागलं. आणि सकाळी हात आपोआप डीवर जायचा. दाबलं की धुळे. एंटर करायची हिंमत नव्हती. नुसतं दाबायचं, पट्टीत त्यांचा पत्ता पूर्ण होताना बघायचा, आणि पुसायचं. पण या यंत्राची रीतच अशी आहे, की जिथे कुणी जात नाही तो पत्ता ते हळूहळू मागे सारतं. मला ते ठाऊक होतं. आणि एक दिवस ती भीती समोर आलीच. मी डी दाबलं तर धुळं पट्टीत नाही, खाली दुसऱ्या ओळीत, वर ड्राइव्ह. कधीतरी घाईत खाजगी खिडकी उघडायची राहिली असणार. मी फुली मारली. धुळं वर आलं. पण आता ते टिकवायचं तर मलाच तिथे जायला हवं, आणि मी गेले तर ती सवय माझी होणार, अक्कांची कुठे राहणार? सांगा ना, यातून वाट काय? गेले तरी त्या जातात, नाही गेले तरी जातात.

लेक पल्लवी पुण्याहून आली होती. तिनं बघितलं, "आई, तू गिऱ्हाइकांची कामं प्रायव्हेट विंडोत का करतेस गं? चोरीचा धंदा आहे का काही?" मी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, हे मशीन म्हातारं झालंय, नवं घेऊ, हवं तर सगळी हिस्टरी नव्यावर उचलून टाकते, आत्याचं डीसुद्धा. मी नको म्हटलं. तिला कारण सांगता येईना. तिथे नेलं तरी तो पत्ता असेल, पण ज्या कळीवर त्यांचं बोट पडलं ती कळ इथे आहे. शिवाय, खरं सांगायचं तर मला त्या डीचाही मत्सर वाटत होता. रोज सकाळी माझ्या घरात बसून त्या ज्या खिडकीतून बाहेर बघायच्या, ती खिडकी मी जपायची? माझ्या घरात त्यांचं असं कधी काही होतं का, या एका अक्षराशिवाय?

निर्मलाबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता. अक्कांची पिशवी, चष्मा, नवं लुगडं तिथेच राहिलं होतं. जाववत नव्हतं. गेल्या रविवारी हे म्हणाले, "चल, किती दिवस पाव्हण्यासारखं तिचं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं?" गेलो. निर्मलाबाईंनी चहा केला, पिशवी आणून ठेवली. त्यांच्या टेबलावर नातवाचा जुना लॅपटॉप होता. त्यांनीच विषय काढला.

"हिनं माझी सकाळ ताब्यात घेतली होती वहिनी. पहिल्याच दिवशी म्हणाली, जयगावले कितलं शे ते दखाड. मी इंग्रजी जे दाबलं, तर आलं माझं ज्योतिषाचं पान. मी रोज वाचते हो, आता सवय ती सवय. तर मग काय! 'निर्मला, तू शिकेल बाई, हाई काय वाचस?' अर्धा तास व्याख्यान दिलं. आणि वर म्हणे, 'जे माले दी टाक. तू दुसरं अक्षर ले.'"

मला हसू आलं. "वाटणी?"

"वाटणी! मी म्हटलं, अगं चार दिवसांची पाव्हणी तू, तुला अक्षर कशाला नावावर करून पाहिजे? आणि धुळ्याला आली आहेस तर धुळं बघ की. तर म्हणाली..." निर्मलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "म्हणाली, 'धुये तर खिडकीम्हाईन दखास. मन्हं घर तठे शे. सुनंदा दिनभर त्या उनम्हा बसस, कूलर लावत नही, बिल येस म्हनीसन. माले दखनं पडस ना.'"

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. "परत सांगा."

"मन्हं घर तठे शे."

मी चहाचा कप खाली ठेवला. निर्मलाबाई बोलतच होत्या, की रोज उठल्या उठल्या आधी जळगाव, मग तोंड धुणं. एक्केचाळीस दिसलं की दिवसभर चुटपुट, फोन करू का, नको, ती कामात असेल. मला काही नीट ऐकू येत नव्हतं. लॅपटॉप पुढे ओढला आणि जे दाबलं. पट्टीत जळगाव पूर्ण झालं.

"मीच दाबते रोज," निर्मलाबाई ओशाळून म्हणाल्या. "ज्योतिष बंद केलं. तिचं अक्षर आहे, मोडवत नाही. तुम्हाला चालेल ना?"

मी मान डोलावली. बाहेर यांनी पिशवी गाडीत ठेवली होती. दारातून हाक मारली, "सुनंदा, निघायचं का? उशीर होतोय."

"थांबा जरा," मी म्हटलं, "घरी कितलं शे ते बघते."